भोक नसलेल्या वांग्याची किंमत

वाराणसीच्या घाटांच्या रांगेत मणिकर्णिकेच्या उत्तरेस शिंदे घाट लागतो आणि त्याला लागूनच संकठा घाट. पुढे भोसले घाट, गणेश घाट, राम घाट अशी ही रांग पंचगंगेपर्यंत जाते. मराठी वाचकाला ही नावे परकी वाटत नाहीत; नागपूरकर भोसले, ग्वाल्हेरचे शिंदे आणि पेशवे घराणे यांच्या वास्तूंनी हा किनारा भरलेला आहे. संकठा घाटाच्या पायऱ्या चढून देवीच्या मंदिराकडे जाणाऱ्या अरुंद गल्ल्यांत हार-फुलांच्या जोडीने भाजीच्या टोपल्याही असतात, आणि हिवाळ्यात त्या टोपल्यांत एक वांगे हमखास दिसते: आकाराने मोठे, गोल, पांढरट हिरव्या सालीचे. हा रामनगरचा भंटा. रामनगर गंगेच्या पलीकडच्या तीरावर, प्रवाहाच्या वरच्या अंगास आहे.

गिऱ्हाईक भंटा हातात घेते, फिरवते, देठाजवळ अंगठ्याने दाबून पाहते. कोठे टाचणीच्या डोक्याएवढे भोक दिसले की वांगे टोपलीत परत जाते. विक्रेत्याला त्यात वावगे वाटत नाही, कारण पहाटे मंडईत तोही असेच पारखून माल उचलत असतो. त्याच्या आधी आडत्याने ढिगाऱ्यातील भोकाच्या फळांवरून संपूर्ण ढिगाऱ्याचा भाव पाडलेला असतो. म्हणजे वांग्याचा शेतकरी ज्या एका खुणेच्या धाकात हंगाम काढतो ती खूण शेतात नव्हे, तर या गल्लीत ठरते. कीटकशास्त्राने या गल्लीकडे आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही.

भंट्याचे काशीतील स्थान साधे नाही. अगहन वद्य षष्ठीला पंचक्रोशीच्या मार्गावरील रामेश्वर येथे वरुणा नदीच्या काठी लोटा-भंटा मेळा भरतो. भाविक तेथेच गोवऱ्यांवर बाटी भाजतात आणि वांग्याचा चोखा करून नैवेद्य दाखवतात. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणना लक्षात घेतली तर ही तिथी महाराष्ट्रातील कार्तिक वद्य षष्ठी होय. तेथून पंधरा दिवसांनी, मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, महाराष्ट्रात चंपाषष्ठी येते आणि खंडोबाला वांग्याचे भरीत व रोडग्याचा नैवेद्य दाखवला जातो. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे अनेक घरांत त्या दिवशी पुन्हा पानात येते. पावसाळी महिन्यांत वांग्यावर अळीचा प्रादुर्भाव वाढलेला असतो आणि थंडीत तो उतरतो, हे पाहता जुन्या लोकांनी किडके वांगे टाळण्यासाठीच हा नियम केला असावा, असे म्हणण्याचा मोह होतो. तसा पुरावा मात्र नाही, आणि विस्तार कार्यकर्त्यांनी तो भाषणात ठोकून देऊ नये. एवढे खरे की दोन्ही प्रदेशांत वांग्याची मोठी मागणी अळीचा जोर ओसरण्याच्या काळात येते. या काळात फवारणी कमी व्हायला हवी; प्रत्यक्षात ती ठरलेल्या दिवशी होतच राहते.

शेंडा व फळ पोखरणारी अळी, शास्त्रीय नाव ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस, ही वांग्याची मुख्य कीड. तिच्याविषयी शेतकऱ्याला काही नवीन सांगायचे नाही असा समज आहे, परंतु तिच्या आयुष्यक्रमातील वेळेचा हिशेब फार थोड्यांच्या लक्षात असतो. मादी पतंग रात्री पानांच्या खालच्या बाजूस, कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर एकेक अंडे घालते. तीन ते सहा दिवसांत अंडे उबते. बाहेर पडलेली अळी काही तासांतच शेंड्यात किंवा फळात शिरते आणि आत जाताच मागचे दार विष्ठेने बंद करते. तेथून पुढचे दोन-तीन आठवडे ती कोणत्याही स्पर्शजन्य कीटकनाशकाच्या आवाक्याबाहेर असते. फळावर जे मोठे भोक दिसते ते बहुधा पूर्ण वाढलेली अळी बाहेर पडल्याची खूण असते. भोक पाहून फवारणी करणारा शेतकरी त्यामुळे निघून गेलेल्या पाहुण्यासाठी दार अडवीत असतो. अळी तोपर्यंत पालापाचोळ्यात किंवा मातीच्या भेगेत चिवट रेशमी कोष करून बसलेली असते.

याच हिशेबात एक आकडा घालावा. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के हे कीटकनाशक वांग्यावरील या अळीसाठी नोंदणीकृत आहे. त्याच्या नोंदणीत फवारणी आणि तोडणी यांमध्ये वांग्यासाठी २२ दिवसांचे अंतर दिलेले आहे. टोमॅटो आणि मिरचीसाठी तेच अंतर ३ दिवसांचे आहे. वांग्याची तोडणी भर हंगामात दर चार-पाच दिवसांनी होते. बावीस दिवस थांबायचे म्हणजे चार ते पाच तोडण्या सोडून द्यायच्या, आणि तोवर फळे जून होऊन बाजारातून बाद. लेबल पाळणारा शेतकरी पीक गमावतो. पीक वाचवणारा लेबल मोडतो. इमामेक्टीन बेंझोएट ५ टक्के यासाठी वांग्यावर ३ दिवसांचे अंतर दिले आहे आणि ते तोडणीच्या वेळापत्रकात बसते, परंतु एकच औषध वारंवार वापरले की किडीत प्रतिकारशक्ती निर्माण होण्याचा धोका वाढतो. कृषी सेवा केंद्रातून बाटली देताना औषधाचे नाव आणि मात्रा सांगितली जाते. तोडणीपूर्व अंतर फारच क्वचित. विस्तार कार्यकर्त्याच्या मेळाव्यातही कोणते औषध किती मिली, हाच प्रश्न पहिला विचारला जातो आणि उत्तर दिल्यावर मेळावा संपतो. तोडणी केव्हा आहे, हा प्रतिप्रश्न त्या वेळी विचारला गेला पाहिजे. फळे धरल्यानंतर बावीस दिवसांचे औषध सुचवणे ही चूक आहे, मग तो सल्ला कितीही अधिकृत तक्त्यातून घेतलेला असो. फळधारणेपूर्वी, शेंडे पोखरले जात असताना, त्याच औषधाला जागा आहे.

शेतकरी अडाणी आहे म्हणून फवारतो, हा निष्कर्ष सोपा आणि चुकीचा आहे. भोकाच्या फळाला बाजारात दुसरा दर्जाच नसेल तर शेतकऱ्याने काय करावे? आंब्यात डागी माल वेगळा निघतो, टोमॅटोत प्रतवारी होते. वांग्यात मात्र एक तर निर्मळ फळ किंवा फेकून देण्याजोगे फळ. वास्तविक चोखा किंवा भरीत करणारी कोणतीही गृहिणी, रामनगरची असो की जळगावची, भाजण्यापूर्वी वांग्याला उभी चीर देऊन आत पाहतेच. भरताच्या वांग्याला एखादे भोक असले तर तेवढा भाग काढून बाकीचे वांगे खाण्यालायक राहते. घाऊक बाजारात अशा फळांची वेगळी प्रत ठेवून तिला कमी पण निश्चित भाव मिळू लागला तर शेतकऱ्याच्या मनावरील ताण कमी होईल आणि शेवटच्या दोन-तीन फवारण्या वाचतील. खाणावळी, बाटी-चोख्याची दुकाने, हुरडा पार्ट्यांचे आचारी हे या प्रतीचे स्वाभाविक खरेदीदार आहेत. हा प्रयोग बाजार समितीने करायचा आहे, कीटकशास्त्रज्ञाने नव्हे; पण त्याची मागणी कीटकशास्त्राने केली पाहिजे.

निर्यातीचा अनुभव वेगळ्या बाजूने हेच सांगतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या आंब्यावर बंदी घातली तेव्हा महाराष्ट्रात हापूसच्या निमित्ताने मोठी ओरड झाली. त्याच आदेशात वांगे, कारले, पडवळ आणि अळू या चार भाज्याही होत्या, हे आज किती जणांना आठवते? कारण औषधांच्या अंशांचे नव्हते. मालासोबत किडी पोचत होत्या, हे होते. आंब्यावरील बंदी जानेवारी २०१५ मध्ये उठली. भाज्यांना त्याहून अधिक थांबावे लागले आणि त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. आता वाराणसी परिसरातून अपेडाच्या प्रयत्नांनी ताज्या भाज्या आखाती देशांकडे जाऊ लागल्या आहेत. एप्रिल २०२३ मध्ये रामनगर भंट्याला बनारसी लंगडा, बनारसी पान आणि आदमचिनी तांदूळ यांच्याबरोबर भौगोलिक मानांकन मिळाले. जळगावच्या भरीत वांग्याला ते २०१६ मध्येच मिळालेले आहे. कर्नाटकातील मट्टू गुळ्ळा आणि गोव्यातील आगशीचे वांगे याच पंक्तीत बसतात. मानांकनामुळे नावाचे रक्षण होते. अळीला किंवा औषधाच्या अंशाला त्या नावाशी कर्तव्य नसते. मानांकित वांग्याच्या एखाद्या खेपेत मर्यादेबाहेर अंश सापडला तर नुकसान त्या एका शेतकऱ्याचे न राहता त्या नावाखाली विकणाऱ्या प्रत्येकाचे होईल, आणि नाव जेवढे मोठे तेवढी बातमी मोठी.

मानांकनाचा दुसरा कच्चा दुवा रोपवाटिकेत आहे, आणि तो अधिक गंभीर आहे.

वांगे स्वपरागित मानले जात असले तरी मधमाश्या आणि भुंगे त्यात बराच परपराग आणतात. म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या क्षेत्रापासून दुसऱ्या जातीचे वांगे किमान १०० मीटर आणि पायाभूत बियाण्याच्या क्षेत्रापासून २०० मीटर दूर असावे, असा दंडक आहे. रामनगर असो वा जळगाव, स्थानिक वाणाचे बियाणे बहुतांशी शेतकरी स्वतःच राखतो. शेजारच्या बांधापलीकडे संकरित वांगे उभे असते. चार-सहा पिढ्यांत फळाचा आकार, सालीचा रंग, बियांचे प्रमाण हळूहळू बदलते आणि कोणाच्या ध्यानातही येत नाही. मग रोपे विकणारा म्हणतो तेच वाण. मानांकनाच्या अर्जात फळाचे वर्णन काळजीपूर्वक लिहिलेले असते. रोपांच्या ट्रेवर मात्र काहीच लिहिलेले नसते.

कीड-रोगांच्या दृष्टीने रोपवाटिका ही पिकाची पहिली सीमा आहे. उघड्या वाफ्यावर वाढलेले वांग्याचे रोप शेतात येताना मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी, पानांखाली तुडतुडे व पांढरी माशी, आणि कधी कधी शरीरात पर्णगुच्छ रोगाचा फायटोप्लाझ्मा घेऊन येते. हा रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो. रोप लहान असताना लक्षणे दिसत नाहीत, लागवडीनंतर झाड बारीक पानांचा झुबका होऊन बसते आणि फळ धरत नाही. तोवर रोपवाटिकाचालकाचे पैसे चुकते झालेले असतात. टोमॅटोवरील नागअळी, टुटा, २०१४ मध्ये पुणे परिसरात प्रथम आढळली आणि अल्पावधीत अनेक राज्यांत पोचली. दक्षिण अमेरिकेतील ही कीड पंखांच्या बळावर समुद्र ओलांडून आली नाही. फळे, रोपे आणि क्रेट यांच्या वाहतुकीतून ती जगभर फिरली आहे. मंडईतून रिकामा परत येणारा क्रेट धुऊन घ्यावा, हे सांगायला फार मोठे शास्त्र लागत नाही, तरी ते सांगितले जात नाही.

या पहिल्या सीमेवर पहारा कोणाचा? महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ पासून स्वतंत्र कायदा आहे. उत्तर प्रदेशातही फळ रोपवाटिकांचा कायदा १९७६ चा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १,७६५.६७ कोटी रुपयांचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. त्यातील केंद्रांत द्राक्षासाठी पुणे, संत्रावर्गीय फळांसाठी नागपूर आणि डाळिंबासाठी सोलापूर अशी महाराष्ट्राची तीन ठिकाणे आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हा सारा विचार फळझाडांचा आहे. डाळिंबाचे रोप पंधरा वर्षे जगते, तेव्हा त्याची काळजी आधी घेतली गेली हे समजण्यासारखे आहे. तथापि हंगामामागून हंगाम ट्रेमधून लाखोंच्या संख्येने जिल्हे ओलांडणारे भाजीपाल्याचे रोप या व्यवस्थेत जवळजवळ निराधार आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास किंवा नारायणगावच्या पट्ट्यात उत्तम शेडनेट रोपवाटिका उभ्या आहेत; महाराष्ट्राने २०२०-२१ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने भाजीपाला रोपवाटिकांना अनुदानही दिले. जाळी उभारायला पैसे मिळाले. जाळीच्या आत काय चालते याची नोंद ठेवण्याची सवय मात्र अनुदानाबरोबर येत नाही. प्रत्येक ट्रेसोबत वाण, बियाण्याचा लॉट, पेरणीची तारीख आणि रोपावस्थेत वापरलेली औषधे एवढ्या चार ओळींची चिठ्ठी द्यावी, अशी मागणी शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आगाऊ रक्कम देतानाच केली तर कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. ज्या गावांत अजून वाफ्यावर रोपे होतात तेथे एप्रिल-मेच्या उन्हात ओलित केलेला वाफा पारदर्शक पॉलिथिनने चार ते सहा आठवडे झाकणे आणि नंतर ४० ते ५० मेशच्या नायलॉन जाळीखाली रोपे वाढवणे, हे स्वस्तात होणारे काम आहे.

शेतातील व्यवस्थापनाविषयी या शतकाच्या आरंभी झालेले काम पुन्हा वाचण्यासारखे आहे. तैवान येथील जागतिक भाजीपाला केंद्राच्या पुढाकाराने बांगलादेश, श्रीलंका आणि भारतात या अळीवर प्रकल्प झाला, आणि त्यात वाराणसीजवळ जखिनी येथील भारतीय भाजीपाला संशोधन संस्थाही सहभागी होती. त्यातून पुढे आलेल्या शिफारशी अगदी साध्या होत्या: पोखरलेले शेंडे दर आठवड्याला खुडून नष्ट करणे, कामगंध सापळे, आणि व्यापक परिणाम करणारी कीटकनाशके थांबवणे, जेणेकरून ट्रॅथाला फ्लेव्होऑर्बिटॅलिस हा परोपजीवी कीटक टिकून राहील. दोन दशके उलटली तरी शिफारशी कागदावर राहिल्या, याचे खापर शेतकऱ्यावर फोडता येत नाही. कामगंध सापळ्यात फक्त नर पतंग येतात. एका शेतकऱ्याने हेक्टरी शंभर सापळे लावले आणि शेजाऱ्याने एकही लावला नाही, तर शेजारच्या शेतातून मीलन झालेल्या माद्या उडत येऊन अंडी घालतातच. सापळा हे गावाचे साधन आहे. योजनेत मात्र ते वैयक्तिक लाभार्थ्याला वाटले जाते, आणि मग सापळ्याचा उपयोग होत नाही असा अनुभव गावभर पसरतो. वांग्याचे चाळीस एकर एका शिवारात असतील तर सापळे त्या चाळीस एकरांना मिळून द्यावेत. बीटी वांग्याचा प्रश्न येथे अपरिहार्यपणे निघतो. ९ फेब्रुवारी २०१० पासून भारतात त्याला स्थगिती आहे, बांगलादेशाने २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली. तो वाद सुटेल तेव्हा सुटेल. शेंडा खुडण्यासाठी कोणाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

टाकून दिलेल्या फळांचा प्रश्नही असाच दुर्लक्षित आहे. तोडणीच्या वेळी किडकी फळे बांधावर फेकली जातात आणि आतील अळ्या निवांतपणे कोषात जातात. या बाबतीत काशीच्या गल्ल्या शेतापेक्षा बऱ्या म्हणाव्या लागतील. विक्रेत्याने फेकलेले भोकाचे वांगे तेथील मोकाट सांड लगेच फस्त करतात आणि अळीचा वंश तेथेच खुंटतो. शेतात हे काम माणसाने करायचे आहे. फळे जनावरांना घालावीत किंवा खोल पुरावीत. शेणखताच्या उकिरड्यावर वरवर टाकू नयेत.

हंगामाच्या शेवटी उपटलेली वांग्याची झाडे गंगेच्या खोऱ्यात सरपणासाठी बांधावर किंवा घराजवळ रचून ठेवतात. खानदेशातही पऱ्हाटीच्या जोडीने ती चुलीला जातात. वाळलेल्या खोडांच्या या ढिगांतून आणि त्याखालील पाल्यातून पुढे कित्येक दिवस पतंग बाहेर पडत राहतात, हे वर उल्लेखिलेल्या प्रकल्पातच दिसून आले होते. थंडी सरते, उन्हाळी वांग्याच्या रोपांचे वाफे त्याच बांधाच्या आडोशाला पाण्याजवळ टाकलेले असतात, आणि ढीग त्यांच्यापासून दहा-वीस पावलांवर असतो. सरपण तर लागणारच. ते रोपांपासून दूर नेऊन रचावे आणि पहिले पाच-सहा आठवडे जुन्या शेडनेटखाली, कडा मातीने दाबून, झाकून ठेवावे.